चर्चमध्ये अभ्यासिका : आधी छप्पर, मग खुर्च्या

(जुन्या घरादारांविषयी, वाड्या-वास्तूंविषयी वाचकांच्या शंकांचं हे सदर. या खेपेला टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त निघाली, म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी लागेल.)

प्रश्न : आप्पा, नमस्कार. आमचं तालुक्याचं गाव, तापीकाठचं. मिशन कंपाउंडात काळ्या दगडाचं, मंगळुरी कौलांचं जुनं चर्च आहे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या ख्रिस्ती सभासदांत, आता चार कुटुंबं उरली आहेत आणि त्यांची उपासना एका घरीच होते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनीच सुचवलं, की वास्तू नुसती पडून राहण्यापेक्षा गावातल्या पोरांसाठी तिथे अभ्यासिका काढा. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणाऱ्या पोरांना घरात बसायला जागा नाही, ती बस स्टँडवर वाचत बसतात. आम्ही समिती केली. ठेकेदाराने रंग, नवी फरशी, फॉल्स सीलिंग आणि एसी असा अंदाज दिलाय. एक मंगल कार्यालयवालेही जागा भाड्याने मागताहेत, ते पैसे बरे देतील. सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षक, जळगाव जिल्हा

उत्तर : गुरुजी, ठेकेदाराचा अंदाज घडी घालून खिशात ठेवा. त्यातल्या चार कलमांत तुमच्या इमारतीच्या एकाही दुखण्यावर इलाज नाही. फरशी आणि सीलिंग ही तर दोन नवी दुखणी आहेत.

नोकरीत असताना जुने डाकबंगले माझ्याकडे देखभालीला असत. तेव्हा आमच्याकडे एक म्हातारा सुतार यायचा, शिरपूरकडचा. कुठल्याही इमारतीत शिरला की त्याचं एकच पालुपद, ‘पयले छप्पर देखा, मंग बाकी.’ तुम्हीही तेच करा. एक दणदणीत पाऊस होऊन जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी घेऊन आत जा. कौलांकडे बघू नका. छप्पर तोलणाऱ्या तिकोनी लाकडी सांगाड्याचं, म्हणजे सागवानी कैचीचं टोक जिथे भिंतीत शिरतं, तिथे बघा. त्याखाली दगडावर पांढरट ओघळ दिसला, तर पाणी तिथून मुरतंय. मधलं लाकूड शंभर वर्षांनंतरही ठणठणीत असतं. भिंतीत गाडलेलं ते हातभर टोक मात्र वाळत नाही. कुजतं तिथेच आणि वाळवीही धरते तिथेच. खालून काही कळत नाही, कारण दर्शनी लाकूड काळंभोर आणि तुकतुकीत असतं. शिडी लावून सुताराला वर चढवा आणि पेचकस टोकाशी दाबायला सांगा. खणकन अडला, तर लाकूड जिवंत आहे. अर्धा इंच आत गेला, तर ती कैची टेकू देऊन सोडवावी लागेल, टोक कापून नवं सागवान जोडावं लागेल. समितीचा पहिला पैसा इथे जायला हवा. खुर्च्या देणगीतही मिळतात, कैची कुणी देणगीत देत नाही.

मग एक कौल काढून पालथं करा. पाठीवर कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं. बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्याच्यामागून त्या किनाऱ्यावर बरेच निघाले. नाव वाचून हरखून जायला हरकत नाही, पण ते लिहून घ्यायचं कारण वेगळं आहे. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. गेल्या कुठल्याशा दुरुस्तीत कुणीतरी मिळतील ती कौलं मध्ये मध्ये घुसडलेली असतात आणि नेमकं तिथेच गळतं. म्हणून सगळी कौलं उतरवायची, जुनी एका जातीची निवडून रस्त्याकडच्या पाख्यावर (छपराच्या उतारावर) घालायची आणि नवी सगळी मागच्या पाख्यावर. कौलं चाळणारा माणूस मात्र आपल्या भागात शोधावा लागेल. आपली घरं धाब्याची, आपल्याला माती दाबायची सवय. नवापूर-अक्कलकुव्याकडे अजून कौलारू घरं आहेत, तिकडचे दोघे-तिघे जाणते बोलवा.

आता भिंती. त्या चुन्यात बांधल्यात. कळीचा चुना विझवून, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून, बैल जुंपलेल्या चुना-घाणीवर मळून केलेला तो माल. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर टाकतेही, माठासारखी. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की बाहेर जायची वाट बंद. मग ओल वर वर चढते, क्षार घेऊन येते आणि छातीच्या उंचीवर लोणा फुटतो. एका संस्थेने आपल्या दगडी शाळेला असाच गिलावा करून वर ऑइल पेंट मारला होता. तीन पावसाळ्यांत तो पोपड्यांनी सुटला, आणि त्याच्यासोबत दगडाचा पापुद्राही. तुमच्याकडे दगडांमधल्या दरजांत आधीच सिमेंट भरलेलं असेल, तर छिन्नीने हलक्या हाताने काढा आणि चुन्यानेच दरजा भरा. एक भाग चुना, अडीच-तीन भाग धुतलेली वाळू. भिंत आठवडाभर गोणपाटाखाली ओली ठेवा. हल्लीच्या गवंड्याला हे सांगितलं, की तो ‘धरणार नाही साहेब’ म्हणेल. त्याला म्हणावं, समोरची भिंत कशाने धरलीय ते बघ.

नवी चकचकीत फरशी नको, ती याच कारणासाठी. जमिनीतून वर येणारी वाफ फरशीखाली कोंडली, की ती भिंतीकडे वळते. असलेली शहाबादी उचलून, साफ करून, चुन्यात परत बसवा.

भिंतीला तिरपी चीर असेल, तर घाबरू नका आणि बुजवूही नका. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. चिरेवर काचेची एक अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि वर्षभर थांबा. काच अभंग राहिली, तर चीर जुनी आणि झोपलेली आहे. तडकली, तर पायाशी पाणी कुठून जातंय ते शोधा. बहुधा पन्हळ फुटलेली असते, किंवा भिंतीलगत कुणीतरी हौसेने लावलेला निंब असतो.

एसीचं म्हणाल, तर भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हे मला ठाऊक आहे. जन्म इथेच गेलाय. पण दोन-सव्वादोन फूट जाड दगडी भिंत आणि एवढं उंच छप्पर ही तुमची मोठी कमाई. खिडक्या आणि वरची झरोक्यांची झडपं रात्रभर उघडी ठेवा, सकाळी आठला सगळं बंद करा. दुपारी आतबाहेरचा फरक पोरं स्वतः सांगतील. एसी लावायचा, तर आधी फॉल्स सीलिंग लागतं; आणि सीलिंग लागलं, की छप्पर कुठे गळतंय हे थेट कैची खाली आल्यावरच कळणार.

एक अडचण खरी आहे. चर्च बांधलेलंच असतं आवाज घुमावा म्हणून; प्रार्थनेला, गाण्याला तो साजतो. अभ्यासिकेत पेन पडलं, तरी साठ माना वर होतील. त्यावर महागडी पॅनेलं नकोत. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून लाकडी चौकटींवर जाड गोधड्या ताणा, टेबलांखाली काथ्याच्या चटया टाका आणि खुर्च्यांच्या पायांना रबर लावा. गावातल्या बायका गोधड्या देतील, वर नक्षीही दाखवतील.

चौकटी भिंतीपासून सुट्ट्या, हे मी मुद्दाम म्हणतोय. वायरिंग भिंत खोदून नको, लाकडी पट्टीवरून बाहेरून फिरवा. कप्पे, टेबलं, दिवे सगळं आपल्या पायांवर उभं राहू द्या. उद्या काढायचं ठरलं, तर एका दिवसात निघालं पाहिजे. हे माझं खूळ नव्हे. हॉलंडमध्ये मास्ट्रिख्ट म्हणून शहर आहे. तिथल्या तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये 2006 साली पुस्तकांचं दुकान थाटलं. त्याआधी तिथे सायकली ठेवायचे! आत पुस्तकांचा मजल्यांवर मजले असा लोखंडी सांगाडा उभा केला, दगडी खांबांना धक्का न लावता. इंग्लंडात बोल्टन गावी ऑल सोल्स हे 1881 चं चर्च मंडळी पांगल्याने बंद पडलं होतं. आसपास वस्ती झाली ती बरीचशी गुजरातेतून, आपल्या नवापूरच्या पलीकडच्या सुरत-भरूच पट्ट्यातून गेलेल्या मुसलमान कुटुंबांची. इमारत वाचवायला त्याच वस्तीतली माणसं पुढे झाली. आता आत स्वतंत्र उभे केलेले कप्पेवजा मजले आहेत, त्यांत सभा, वर्ग, चहापाणी चालतं. 2014 च्या अखेरीस ते खुलं झालं. पैसा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त होता, हे कबूल. पण भिंतीला हात न लावण्याला पैसा लागत नाही.

पुस्तकांबद्दल एक सूचना. दाराच्या वर गाणाऱ्यांसाठी लाकडी गॅलरी असेल, तर ती बघून तुमच्या समितीत कुणाला तरी ‘इथे लायब्ररी करू’ असं सुचेलच. तिथे एकही कपाट चढवू नका. पुस्तकांच्या मांडण्या असलेल्या खोलीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण 600 किलो भार धरतात. ती गॅलरी दहा-वीस गाणाऱ्या माणसांसाठी आहे. पुस्तकं खाली, भिंतीपासून चार बोटं सोडून.

स्वच्छतागृह वास्तूच्या आत नको, आणि वेदीमागच्या खोलीत तर मुळीच नको. कंपाउंडात वेगळं बांधा.

मंगल कार्यालयाला नाही म्हणा. भाडं चांगलं येईल, आणि पहिल्याच लग्नसराईत डीजेच्या दणक्याने कौलं सरकतील, मांडववाला कैचीत खिळे ठोकेल, वरणबट्टीच्या बट्ट्या थेट भिंतीलगत गोवऱ्यांवर भाजल्या जातील. वास्तूला काय झेपतं ते बघून उपयोग ठरवायचा असतो. शांत बसून वाचणारी साठ पोरं तिला झेपतील.

कागदांचं आता थोडक्यात, कारण ते वकिलाचं काम. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा आणि धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या नोंदीचा उतारा. जागा बहुधा मंडळीच्या नावावर नसतेच. ती कुठल्यातरी मोठ्या ट्रस्टच्या नावावर असते आणि त्याचं कार्यालय मुंबई-पुण्याला किंवा आणखी लांब असतं. वडीलधाऱ्यांची संमती मोलाची, पण सही विश्वस्तांची लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. वास्तू केंद्राच्या 1958 च्या किंवा राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही ना, तेही बघा. असेल, तर परवानगीशिवाय खिळाही नको.

प्रश्न : माझ्या आजीचा बाप्तिस्मा आणि लग्न आमच्या गावातल्या जुन्या चर्चमध्ये झालं. आता तिथे ‘क्लास’ निघणार म्हटल्यावर तिने बोलणंच सोडलंय. काका म्हणतात, भावनेत काय अर्थ आहे. तुम्ही सांगा.
— एक वाचक भगिनी, नंदुरबार

उत्तर : ताई, काकांना सांगा की खुद्द चर्चच्या नियमांत या भावनेला जागा आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या 1983 च्या संहितेत कलम 1222 आहे. चर्च उपासनेला वापरता येत नसेल आणि दुरुस्तीही शक्य नसेल, तर बिशप ते लौकिक कामासाठी देऊ शकतात, पण काम हीन असता कामा नये. वेदीचं पावित्र्य त्यानेही संपत नाही, तिची सोय वेगळी लावावी लागते. या विषयावर रोममध्ये 2018 साली मोठी परिषदही झाली, आणि पुढचा उपयोग शक्यतो संस्कृतीचा किंवा समाजसेवेचा असावा, असाच तिचा कल होता. तुमचं चर्च प्रोटेस्टंट असेल, तर नियम त्या-त्या मंडळीचे. तिथेही पाळकसाहेबांना आणि वरिष्ठांना विचारल्याशिवाय पान हलू नये.

पण आजीचा राग कायद्याने जायचा नाही. तिला कुणी विचारलंच नाही, हे तिचं दुखणं असावं. वेदीची पायरी आणि तिच्यापुढची जागा दोरी लावून मोकळी ठेवा, तिथे टेबल नको. भिंतीतल्या स्मृतिशिला जागच्या जागी राहू द्या आणि रंगवू नका. बाप्तिस्म्याचं कुंड असेल, तर ते कोपऱ्यात ‘कुंडी’ म्हणून वापरताना मी पाहिलंय, तसं होऊ देऊ नका. करारातच लिहून घ्या, की नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि मंडळीतलं लग्न-मयत या दिवशी वास्तू मंडळीची. आणि आजी एकटी असताना तिला विचारा, कोण कुठल्या बाकावर बसायचं, पेटी कोण वाजवायचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं कोण सांगायचं. फोनवर रेकॉर्ड करा. तुमच्या समितीकडे त्या वास्तूचा यापेक्षा चांगला इतिहास नसणार.

प्रश्न : खान्देशात एवढी चर्चं आली कुठून? आणि ती ओस का पडताहेत?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : तीन वाटांनी आली, असं समजा. 1818 नंतर इंग्रज आले, 1825 मध्ये औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. साहेबाच्या छावणीमागून साहेबाची प्रार्थना आली. मग 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि भुसावळला इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशा अँग्लो-इंडियन लोकांची वसाहत झाली. तिसरी वाट मिशनऱ्यांची. 1899-1900 च्या, म्हणजे विक्रम संवत 1956 मधल्या ‘छपन्नच्या’ दुष्काळाच्या सुमारास आणि नंतर स्वीडन-अमेरिकेकडचे लोक तापीखोऱ्यात येऊन राहिले. त्यांनी शाळा, दवाखाने, अनाथालयं काढली आणि चर्चं बांधली.

ओस पडण्याची कारणंही वेगवेगळी आहेत. स्वातंत्र्यानंतर रेल्वेतली पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. तालुक्याच्या गावांतली शिकलेली ख्रिस्ती पोरं नोकरीला नाशिक-पुण्याला गेली, जशी तुमची-आमची गेली. पण सगळीकडे ओस, असं लिहू नका हं. नवापूर तालुक्यात एखाद्या रविवारी जाऊन बघा, बसायला जागा मिळाली तर.

प्रश्न : 1991 च्या कायद्याने प्रार्थनास्थळाचं काहीच बदलता येत नाही म्हणतात. मग अभ्यासिका बेकायदा नाही का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : त्या कायद्याचं कलम 3 एका धर्माचं किंवा पंथाचं प्रार्थनास्थळ दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ करायला बंदी घालतं, आणि कलम 4 म्हणतं, की 15 ऑगस्ट 1947 ला जे धार्मिक स्वरूप होतं तेच राहील. अभ्यासिका कुणाचंच प्रार्थनास्थळ नाही. तरी सगळ्यात सरळ मार्ग असा, की चर्च चर्चच राहू द्यावं, कागदोपत्रीही. मंडळीने दिवसाचे अमुक तास ते गावाला अभ्यासासाठी द्यावं.

आणि न विचारलेली एक गोष्ट सांगतो. उद्घाटनाला उत्साहाच्या भरात कुणी सत्यनारायण घालायचं काढील. घालू नका. कुणाचीच तसबीर, कुणाचाच झेंडा, आरती काही नको. नारळ फोडायची फारच हौस असेल, तर कंपाउंडाबाहेर फोडा आणि खोबरं सगळ्यांना वाटा.

प्रश्न : खासदार निधीतून दुरुस्ती होईल का? आमच्याकडे आश्वासन मिळालंय.
— समितीचे खजिनदार, जळगाव जिल्हा

उत्तर : आश्वासन जपून ठेवा. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत प्रार्थनास्थळाच्या आत, तसंच धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर काम करायला मनाई आहे. लोकवर्गणी, माजी विद्यार्थी आणि कापसाचे पैसे हातात असतानाचे दिवस यांच्यावर भिस्त ठेवा.

प्रश्न : पडकं चर्च ठेवून काय करायचंय? पाडून खाली गाळे, वर अभ्यासिका काढली तर खर्चही निघेल.
— एक व्यापारी, चाळीसगाव

उत्तर : शेठ, गाळे निघतील, अभ्यासिका निघणार नाही. वरच्या मजल्याचं भाडं जास्त आलं, की पोरं परत बस स्टँडवर.

प्रश्न : मनोऱ्यात जुनी घंटा आहे. अभ्यासिकेची वेळ संपली, की ती वाजवावी असं पोरांचं म्हणणं. चालेल का?
— वरच्याच समितीतले एक तरुण

उत्तर : मंडळीला विचारून खुशाल वाजवा, पण आधी घंटा ज्या लाकडी तुळईला टांगलीय, तिलाही पेचकस लावून बघा. भली जड घंटा दोराने झुलवली, की तिचा हिसका थेट मनोऱ्याच्या भिंतींना बसतो, आणि तुमच्या दरजा अजून कच्च्या आहेत. म्हणून घंटा झुलवायची नाही. दोर लोळकाला (घंटेच्या आत लोंबणाऱ्या दांडीला) बांधा, नुसता लोळक ओढून टोला द्या. घंटेच्या काठावर एकाच जागी झिजून खळगा पडला असेल, तर जाणत्याकडून ती थोडी फिरवून घ्या, म्हणजे टोला नव्या जागी पडेल. मनोऱ्यात पारव्यांची विष्ठा वीतभर साचलेली असणार. तोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून, मगच काढा. आणि अभ्यासिका साडेदहापर्यंत चालवणार असाल, तरी टोला रात्री दहाच्या आत.